धरून ठेवण्याचे शास्त्र

ऑसिलोस्कोप बिघडला आहे की नाही हे ठरवण्याच्या अनेक कसोट्या तांत्रिक ग्रंथांत सांगितलेल्या असल्या, तरी वर्धा शहर आणि त्याच्या पंचक्रोशीतील अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने व आयटीआय यांच्या प्रयोगशाळांत सर्वमान्य असलेली कसोटी एकच आहे, आणि ती म्हणजे यंत्राच्या तोंडाशी जोडलेली केबल अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून चारी दिशांना हळूहळू हलवून पाहणे. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या दाबातील क्षणोक्षणीचे चढउतार पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखवणारे उपकरण. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये तयार केलेल्या कॅथोड किरण नलिकेतून ते उत्क्रांत झाले, आणि आता ती नलिका जाऊन चपटा पडदा आला असला तरी प्रयोगशाळेत त्याला सीआरओ म्हणण्याची पद्धत कायम आहे. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात घडलेली घटना टिपणाऱ्या या यंत्राला स्वतःच्या तोंडाशी असलेले ढिले सॉकेट तेवढे टिपता येत नाही. पण त्याहून नवलाची बाब अशी की, त्याच्याभोवती उभे असलेले चार विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि एक प्रयोगशाळा सहायक यांना ते सॉकेट डोळ्यांनी दिसत असते, आणि तरीही ते बदलणे सोडून बाकी सर्व उपाय त्यांना सुचतात.

हे सॉकेट बहुधा बीएनसी जातीचे असते. या रचनेला बेल प्रयोगशाळेतील पॉल नील आणि अँफेनॉल कंपनीतील कार्ल कॉन्सेलमन या दोन अभियंत्यांची नावे चिकटली, तर तिचे अमेरिकी पेटंट ऑक्टाव्हिओ सालाटी यांना १९५१ मध्ये मिळाले. सॉकेटच्या बाहेरच्या नळीवर समोरासमोर दोन बारीक खुंट्या असतात, प्लगच्या फिरत्या कड्यात तिरक्या खाचा असतात, आणि जुन्या पद्धतीचा बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवावा तसे ते कडे दाबून पाव फेरा फिरवले की जोड पक्का बसतो. सॉकेटच्या मध्यभागी चिरा पाडलेली एक स्प्रिंगदार नळी असते. प्लगची पिन तिच्यात शिरली की संदेश आत जातो, आणि बाहेरच्या कवचातून त्याचा परतीचा मार्ग, ज्याला ग्राउंड म्हणतात, पूर्ण होतो. अशा साधारण प्रतीच्या कनेक्टरला सुमारे ५०० वेळा जोडण्या-काढण्याचे आयुष्य दिलेले असते. हा आकडा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट घातलेला, हातमोजे चढवलेला एखादा सावकाश माणूस असावा. सबमिशनच्या आदल्या दिवशी सहा प्रयोग एका दुपारी उरकणारा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्याने पाहिला असता, तर आकड्यातले एखादे शून्य त्याने स्वतःहून कमी केले असते.

तोंडी परीक्षेत, म्हणजे व्हायव्हात, या कनेक्टरचा इतिहास ऐतिहासिक पुराव्यापेक्षा आवाजाच्या ठामपणावर ठरतो.

"बीएनसीचा फुलफॉर्म सांग."

"सर, ब्रिटिश नेव्हल कनेक्टर."

"व्हेरी गुड."

बाहेरून आलेल्या परीक्षकालाही विद्यार्थिदशेत हेच शिकवलेले असल्यामुळे, नील आणि कॉन्सेलमन हे दोघे एखाद्या उन्हाळी परीक्षेला स्वतः बसले असते तर त्यांचे गुण नक्कीच कापले गेले असते.

सॉकेट झिजवणाऱ्या मनुष्यस्वभावाचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग ओढणाऱ्यांचा. कडे पाव फेरा उलटे फिरवून प्लग काढायचा असतो, याची कल्पना या वर्गाला असते, परंतु घंटा झालेली असते आणि कँटीनमध्ये समोसे संपण्याच्या बेतात असतात. मग केबलच ओढली जाते व खुंट्या एकेक कण झिजत जातात. दुसरा वर्ग खुपसणाऱ्यांचा. योग्य केबल दुसऱ्या गटाने पळवलेली असल्याने हा वर्ग सॉकेटच्या मधल्या नळीत सोललेली तार, मल्टिमीटरची टोकदार लीड किंवा कर्कटकाची टोकेही खुपसून पाहतो. त्यामुळे नळीच्या पाकळ्या फाकतात, आणि पुढे खरी पिन आत शिरली तरी तिला कोठेच स्पर्श होत नाही. तिसरा वर्ग टांगणाऱ्यांचा असून त्यात ज्येष्ठांचे प्रमाण लक्षणीय आहे. हे लोक एका सॉकेटला टी-आकाराचा जोड, त्याला दुसरा जोड, त्याला दोन केबली आणि त्या केबलींना स्वतःच्या कोपराचा भार अशी रचना उभारतात, आणि अखेरीस सॉकेटच्या पाठीमागे, सर्किट बोर्डावर, सोल्डरच्या टाक्याला कोणालाही न दिसणारी गोल भेग पडते. चौकशीच्या वेळी तिन्ही वर्ग एकमताने हवामानाकडे बोट दाखवतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकत असल्याने "ऊन लय आहे सर, मशीन तापून राहिली" हे निदान ऐकायला शास्त्रीय वाटते, आणि पावसाळ्यात त्याच सॉकेटसाठी ओल जबाबदार धरता येत असल्याने दोषारोपात वर्षभर खंड पडत नाही.

ढिल्या सॉकेटमुळे प्रयोगशाळेत जी नवी श्रमविभागणी जन्माला आली, तिचा उल्लेख कोणत्याही अभ्यासक्रमात आढळत नाही. चौघांच्या गटात एक जण मांडणी जोडतो, एक जण गुंडी फिरवतो, एक जण आकडे लिहितो आणि चौथा धरतो. धरणाऱ्याचे काम वरवर सोपे भासले तरी त्याला केबल एका विशिष्ट कोनात, विशिष्ट दाबाने, श्वास रोखून धरावी लागते. त्याला खोकला चालत नाही, खिशातला मोबाइल थरथरलेला चालत नाही आणि मत असलेले तर मुळीच चालत नाही.

"सर, वेव्ह येऊन नाही राहिली."

"केबल जराशी डावीकडे घे. अजून. हां."

"आली सर!"

"आता हलू नको."

"कितीक वेळ सर?"

"रीडिंग होईस्तोवर."

शिक्षणाच्या इतिहासात वर्ध्याचे स्थान मोठे आहे, कारण २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथेच भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची आपली कल्पना देशापुढे ठेवली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. हीच पुढे नई तालीम किंवा वर्धा योजना म्हणून ओळखली गेली. हाताने काम करता करता बुद्धीचा विकास व्हावा, हा तिचा गाभा होता. धरणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या योजनेचा पूर्वार्ध तंतोतंत पाळला जातो: संपूर्ण सत्रभर त्याच्या उजव्या हाताचे शिक्षण अखंड चालू असते, आणि उत्तरार्धाची जबाबदारी शिकवणी वर्गावर सोपवलेली असते.

धरणाऱ्याचे लक्ष क्षणभर उडाले तर पडद्यावर काहीच दिसत नाही असे नव्हे; उलट, फार सुंदर असे काहीतरी दिसू लागते. ऑसिलोस्कोपच्या इनपुटचा रोध सामान्यतः १० लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम, इतका प्रचंड असतो, जेणेकरून मोजमाप करताना त्याने मूळ सर्किटमधून नगण्य वीज ओढावी. या गुणाची दुसरी बाजू अशी की, ग्राउंड सुटले तर लोंबकळणारी तार अँटेनासारखी वागते आणि भिंतींतून, ट्यूबलाइटमधून व पंख्यांतून वाहणाऱ्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचा गुणगुणाट पडद्यावर लाटेच्या रूपाने उमटतो. ही लाट ठळक, ठाम आणि दर २० मिलिसेकंदांनी नियमितपणे परतणारी असल्याने ज्याच्यासाठी प्रयोग मांडला त्या क्षीण संदेशापेक्षा ती विद्यार्थ्यांना अधिक विश्वासार्ह वाटते, आणि आलेखाच्या कागदावर मोठ्या आत्मीयतेने उतरवली जाते.

"फ्रिक्वेन्सी किती दिली होती?"

"एक किलोहर्ट्झ सर."

"अन् आली किती?"

"पन्नास हर्ट्झ."

"चालते. एरर काढून टाक."

त्रुटी ९५ टक्के निघते, आणि तिच्या कारणापुढे 'मानवी चूक' हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उत्तर लिहिले जाते. अख्ख्या जर्नलमधील निःसंशय खरे विधान म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येते.

मल्टिमीटरची कथा याहून वेगळी नाही. विजेचा दाब, प्रवाह आणि रोध मोजण्यासाठी तीन निरनिराळी उपकरणे वाहून नेण्याला कंटाळलेल्या डोनाल्ड मॅकेडी या ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंत्याने ती तिन्ही एका पेटीत बसवली आणि १९२३ मध्ये अॅव्होमीटर बाजारात आला. महाराष्ट्रातील प्रयोगशाळांत नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर परिचित आहेत, आणि याच मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ'चे ध्वनिक्षेपक स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेसच्या अधिवेशनांतून वक्त्यांचा आवाज जनसमुदायापर्यंत पोहोचवत असत. ऐन भाषणाच्या वेळी त्या मायक्रोफोनची तार एखाद्या स्वयंसेवकाला अंगठ्याने दाबून धरावी लागली असती, आणि त्याला मधेच शिंक आली असती, तर स्वातंत्र्याची वाटचाल किती लांबली असती, हा प्रश्न इतिहासकारांनी अद्याप हाती घेतलेला नाही.

मल्टिमीटरची सॉकेटे ४ मिलिमीटर व्यासाची असतात आणि त्यांत शिरणाऱ्या बनाना प्लगच्या अंगावर फुगीर स्प्रिंग असते. ती स्प्रिंग बसली की प्लग आपोआप गळू लागतो. यावर पहिला उपाय म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग फाकवणे, ज्यामुळे ती तुटते. दुसरा उपाय म्हणजे प्लगला चॉकलेटची चांदी गुंडाळणे, ज्यामुळे ती आत राहते. आणि तिसरा, अंतिम उपाय म्हणजे प्लग कापून टाकून उघडी तार सॉकेटमध्ये घालणे व तिच्या शेजारी आगपेटीची काडी ठोकणे. धूम्रपानास सक्त मनाई असलेल्या आवारात ऐन वेळी काडी कोठून उपलब्ध होते, हे विचारण्याचा प्रघात नाही. मीटरच्या तोंडाशी किती व्होल्टपर्यंत सुरक्षितता आहे हे उत्पादकाने कोरून ठेवलेले असते. त्या अक्षरांना अर्धे झाकून काडी उभी असते, आणि २३० व्होल्ट मोजताना उघड्या तारेला हात लागला तर झटका हा प्रात्यक्षिकाचाच भाग समजला जातो.

आता प्रश्न उरतो तो दुरुस्तीचा. ज्या सुट्या भागाची किंमत चौघांच्या चहा-समोशाहून फारशी अधिक नसते, तो विकत घेण्यापूर्वी तो भाग उपभोग्य वस्तूंत मोडतो की दुरुस्तीत, हे ठरवावे लागते. त्यानंतर मागणीपत्र, तीन दुकानांची कोटेशने, तुलनात्मक तक्ता आणि सक्षम अधिकाऱ्याची सही असा क्रम लागतो. तीन कोटेशनांपैकी दोन देणारे दुकानदार त्या एका कनेक्टरसाठी कागद खर्च करायला तयार नसतात, त्यामुळे तिसराच दुकानदार मोठ्या मनाने तिन्ही देतो. वर्ध्यातील मगनवाडीतून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेबनिसाचे शिक्षण घेतलेले अर्थतज्ज्ञ होते, आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवरील त्यांचा 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळांनी त्यांचा टिकाऊपणाचा आग्रह अंगीकारला आहे यात शंका नाही, फक्त तो यंत्राऐवजी यंत्राच्या नोंदीला लागू केला आहे: डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ मालाच्या नोंदवहीत, प्रत्येक ऑसिलोस्कोप खरेदीच्या दिवशी होता तितकाच तरुण आणि निरोगी आहे.

"भाऊ, हा स्कोप बंद आहे का?"

"बंद नाही सर, रिपेअरला आहे."

"कुठं दिला?"

"इथंच ठेवला."

वार्षिक देखभालीचा करार असेल तर नागपूरहून अभियंता येतो. तो चहा घेतो, गोरसपाक हे वर्ध्याचे नामांकित बिस्किट खातो, घरी नेण्यासाठी आणखी एक पुडा कोठे मिळेल याची चौकशी करतो, केबल डावीकडे दाबतो, पडद्यावर लाट आलेली सर्वांना दाखवतो आणि 'उपकरण सुस्थितीत' या वाक्याखाली सही घेऊन परतीची गाडी पकडतो. करार नसेल तर सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपुरात, सीताबर्डीला, लग्नाच्या खरेदीसाठी निघालेल्या एखाद्या सहकाऱ्यावर ही जबाबदारी टाकली जाते. तो कनेक्टर आणतोही; परंतु बीएनसीचे नर आणि मादी, पॅनेलवर बसणारे आणि बोर्डावर बसणारे, ५० ओहमचे आणि ७५ ओहमचे असे भेद असल्याने, आणि शेवटचे दोन तर दिसायला जवळजवळ सारखे असल्याने, आणलेला कनेक्टर केबल टीव्हीच्या कामाचा निघण्याची शक्यता दाट असते. शालू मात्र बरोबर रंगाचा आलेला असतो.

योग्य भाग हाती आल्यानंतरची शस्त्रक्रिया ही प्रयोगशाळा सहायकाच्या कारकिर्दीतील मोठी घटना होय. वास्तविक अनेकदा शस्त्रक्रियेची गरजच नसते: पॅनेलमागचा पातळ षट्कोनी नट सैल झालेला असतो आणि तो आवळला, किंवा मधली नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, की भागते. परंतु एवढ्या साध्या उपायासाठी इतका पत्रव्यवहार झाला हे कोणालाच रुचत नसल्याने यंत्र उघडलेच जाते. जुन्या सीआरओमध्ये प्लग काढल्यावरही नलिकेपाशी काही हजार व्होल्टांचा विद्युतभार टिकून राहू शकतो, म्हणून जाणकार तेथे हात लावत नाही. त्याच्या भोवती जमलेले अजाणकार मात्र वाकून नेमके तेच काय आहे ते विचारतात. सॉकेटचे धातूचे पाय बोर्डावरील रुंद तांब्याच्या पट्ट्याला जोडलेले असतात आणि तो पट्टा सारी उष्णता शोषून घेत असल्याने २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने टाका वितळत नाही. अधिक वेळ टेकवून ठेवले तर टाका वितळत नाहीच, पण खालचे तांबे बोर्डापासून सुटून वर येते. शहाणपणाचा मार्ग म्हणजे निकामी सॉकेट आधी कापून काढणे, आणि मग त्याचा एकेक पाय स्वतंत्रपणे तापवून चिमट्याने उपटणे. हा मार्ग सहायकाला ठाऊक असतो, पण त्याच्या पाठीमागे सल्लागारांचा एक वर्ग उभा असतो, ज्याने आयुष्यात आयर्न हातात धरलेले नसते आणि ज्याच्यातून पुढे या विषयावर लेख लिहिणारे निपजतात.

"भाऊ, फ्लक्स लावा."

"भाऊ, जास्त लावला."

"भाऊ, माझा मेहुणा हे हॉट एअरनं करते."

याच सुमारास नट यंत्राच्या पोटात पडतो. यंत्र उलटे करून दोघे जण ते हलवतात आणि बाकीचे कान देऊन आवाजाची दिशा ठरवतात; बाहेर येतात ते वेगळ्याच मापाचे दोन नट, पेनची एक रिफिल आणि वाळलेले झुरळ. हवा असलेला नट सापडतो त्या क्षणी वीज जाते.

या साऱ्या यातना टाळणारा एक उपाय जगभर प्रचलित आहे. सॉकेटवर एक छोटा जोड कायमचा बसवून ठेवायचा आणि रोजच्या केबली त्याला लावायच्या, म्हणजे झीज त्या स्वस्त जोडाची होते आणि तो झिजला की फेकून नवा लावता येतो. याला कनेक्टर सेव्हर, म्हणजे कनेक्टर वाचवणारा, असे म्हणतात. असे जोड काही दूरदर्शी विभागप्रमुखांनी मागवलेही आहेत. ते दिसायला चकचकीत आणि आकाराने खिशात मावणारे असल्याने हरवतील, आणि वापरले तर झिजतील, अशा दुहेरी भीतीपोटी ते कपाटात कुलूपबंद असतात. कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे असते, आणि लेखापरीक्षणाच्या दिवशी ते मोजून पुन्हा आत ठेवले जातात. एकही झिजलेला नाही, असा शेरा दरवर्षी मिळतो.

तरीही चिकाटीचे सहायक जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्या हातून कधीमधी एखादा ऑसिलोस्कोप खरोखरच दुरुस्त होतो. नवे सॉकेट घट्ट बसते, यंत्राच्याच पुढच्या भागावर मिळणारी एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट जोडून प्रोबमधला बारीक स्क्रू फिरवला जातो, कोपरे काटकोनात येतात आणि पडद्यावरची रेषा कोणीही न धरता स्थिर उभी राहते. हा आनंद पुढची बॅच आत येईपर्यंत टिकतो. चौथा विद्यार्थी सवयीने केबल धरायला हात पुढे करतो, धरण्याजोगे काही उरले नाही हे कळल्यावर गोंधळतो, आणि प्रथमच मोकळा झाल्याने जर्नलमध्ये डोकावतो. तेथून खरी अडचण सुरू होते.

"सर, या स्कोपचं रीडिंग जुळून नाही राहिलं."

"कोणाशी?"

"सीनियरच्या जर्नलशी."

प्राध्यापक जुने जर्नल मागवतात, त्यावर आपलीच सही व 'उत्तम' असा शेरा असल्याचे पाहतात, नव्या सॉकेटकडे संशयाने बघतात आणि निकाल देतात: "त्या बाजूच्या टेबलावरचा घ्या. तो बरोबर दाखवते, फक्त केबल धरा लागते."